मंडपावर फिरलेले ढग

टेंटवाल्यांना किस्से शोधत फिरावं लागत नाही. लग्न लागतं, लोक जेवतात, निघून जातात. नवरा-नवरीची नावंसुद्धा आम्हाला आठवत नाहीत. पण कुठल्या मंडपावर कुठला ढग आला, ते कोणीच विसरत नाही. चौमासा लागला की काम बंद. मग देवासच्या आमच्या गोदामात गुंडाळलेल्या दऱ्यांवर, म्हणजे सतरंज्यांवर, बसायचं, चहा प्यायचा. एकाने सुरू केलं की दुसरा लगेच, "ये तो कुछ नी, मेरा सुनो!"

यजमान गेल्यापासून धंदा मी बघते. माणसं मला काकीजी म्हणतात. भूरू भिया माझा मिस्त्री. खांब, दोर, खुंटे सगळं त्याच्या हातात. धारला माझ्या नणंदेचं, शकू वन्संचं, टेंट हाउस आहे. मोठं काम असलं की दोन्हीकडची माणसं एकत्र. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण खाली लिहिलंय त्यातलं काहीही ऐकीव नाही. हसायचं थोडं आहे, बाकीचं हसायचं नाही.

*

पहिला किस्सा हाटपिपल्या गावचा. तो सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाहीत.

मार्च महिना, दुपारच्या पंगती चालू. पश्चिमेकडून ढग आला. आता ढग आला की मंडपवाले काय करतात? धरतात! जुनी खोड आहे ही. वारा सुटला की प्रत्येकजण आपापल्या खांबाला मिठी मारतो, दोराला लोंबकळतो. आपण धरलं तर कापड वाचेल, असं वाटतं.

भूरूचा मोठा भाऊ बाबू कोपऱ्यावर होता. वारा खालून शिरला. सगळा शामियाना एकदम फुगला आणि खुंटे मुळ्यासारखे उपटून आले. पाचजणांनी दोर सोडला. बाबूने तो मनगटाला गुंडाळला होता.

विजेच्या तारांच्याही वर गेला तो. आम्ही सगळ्यांनी बघितलं. पडला तो हरभऱ्याच्या शेतात.

मी तिथे बसले होते, त्याचं डोकं झाकून. नवरदेवाचा मामा आला. मला वाटलं, विचारपूस करेल. घड्याळ बघत म्हणाला, "बहनजी, फेरों का टाइम निकल रिया है. दूसरा मंडप कित्ती देर में लगेगा?"

लावला नाही. त्याच दिवशी भूरूला आणि सगळ्यांना बजावून सांगितलं, "आता माझ्या कापडाखाली कोणी मरायचं नाही. पाहुणा नाही, वाढपी नाही, आपला माणूस तर नाहीच. तसला ढग दिसला की मंडप रिकामा करायचा आणि पक्क्या छताखाली जायचं. कापड गेलं तर जाऊ दे. दोराला हात लावील त्याचा हात मी मोडीन!"

*

पण तसला ढग म्हणजे कसला? ढग तर रोज येतात! प्रत्येक ढगाला मंडप रिकामा करत बसलो तर लोक आमच्याकडे फिरकणार नाहीत.

ते शिकवलं शकू वन्संच्या मुलीने, मीनूने. ती इंदूरला हवामानाचं शिकते. एका चौमाशात गोदामात आली. मी म्हटलं, "मीने, तुझ्या पुस्तकात काय असेल ते यांना कळेल असं सांग."

तिने इकडेतिकडे बघितलं आणि एक गुंडाळलेली दरी जमिनीवर आडवी टाकायला लावली. म्हणाली, "मामी, ही हवा समज. खालचा वारा हळू चालतो, वरचा फार जोरात, आणि दिशाही वेगळी. त्या दोघांच्या मध्ये हवा अशी गोल गुंडाळली जाते. आडवी. दिसत नाही. आता जमीन तापली, दमट हवा वर उसळली, की ती या गुंडाळीला मधून उचलते. भूरू भिया, उठाओ!"

भूरूने दरी मधोमध उचलली. दोन्ही टोकं खाली लोंबली.

"दोन पाय झाले. त्यातला एक टिकतो, आपल्याकडे बहुतेक उजवीकडचा. आडवं फिरणारं उभं फिरायला लागतं आणि ढग अख्खाच्या अख्खा फिरतो. साधा ढग आपल्याच पावसात विझतो. हा पाऊस एका अंगाला टाकतो आणि दुसऱ्या अंगाने गरम हवा ओढत राहतो. म्हणून तासन् तास मरत नाही. वरून ऐरणीसारखा चपटा, खालून काळी थाळी लोंबते, ती जात्यासारखी हळूहळू फिरते. ती दिसली की थांबायचं नाही."

भूरू दरी खांद्यावर घेऊन उभाच. मग म्हणाला, "मतलब ऊपर भी दरी उठाने वाले बैठे हैं? फिर तो अपने ही भाई-बंद हुए. बात कर लेंगे!"

हसले सगळे. त्याचा भाऊ गेलेला, आणि हसवलं त्यानेच.

*

तेव्हापासून पद्धत पडली. धारवर तसला ढग दिसला की वन्संनी फोन करायचा, कारण तो दोन-तीन तासांनी आमच्या अंगावर येऊ शकतो.

एकदा मी कणीक मळत होते. फोन स्पीकरवर टाकलेला. शेजारी सासूबाई वाती वळत बसलेल्या, कान अर्धे गेलेले. वन्सं ओरडून सांगतायत, "वहिनी, निघाला! चांगला उंच आहे. गोरापान आहे वरून. डोकं मात्र चपटं. तुमच्याकडेच येतोय!"

सासूबाईंनी वात खाली ठेवली. "चपट्या डोक्याचा? मीनूला? नको म्हणावं त्यांना! एवढी काय घाई आहे!"

हसायला वेळ नव्हता. त्या दिवशी एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याच्या घरचा कार्यक्रम होता, मुलाचं लग्न. आम्ही पोचलो, मंडप रिकामा करवला, सगळ्यांना शेजारच्या धर्मशाळेत कोंबलं. दोन तास बसवून ठेवलं. आणि ढग वाटेतच उजवीकडे वळला! बाकीचे ढग सरळ गेले, हा एकटा वाट सोडून दक्षिणेला गेला. इकडे लख्ख ऊन पडलं.

व्यापारी सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाला, "काकीजी, बहुत तेज धूप है. छतरी दूँ क्या?"

वऱ्हाड खो-खो हसलं. बँडवाल्यानेसुद्धा तेवढ्यापुरता ढोल वाजवला. मी ऐकून घेतलं. माणसं जिवंत होती, हसू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. दक्षिणेकडे ज्या गावात त्याची थोरली मुलगी दिली होती, तिथे घरावरचे पत्रे उडाले होते. एक पत्रा तिला लागला होता. ती बाळंतीण, म्हणून भावाच्या लग्नाला आली नव्हती.

मला वाटलं, माफी मागेल.

"काकीजी," तो म्हणाला, "आपने उसको फोन क्यों नी किया?"

*

देवासच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली आणि एका जिजाजींनाही.

हे जिजाजी म्हणजे नवरीच्या आत्याचे यजमान. शिकलेले, बोलताना बोट वर. एप्रिलातली दुपार. पश्चिमेला ढग उभा राहिलेला आणि माझा पदर त्याच्याच दिशेने उडतोय. वारा माझ्या पाठीमागून ढगाकडे चाललेला. टेकडीवरच्या साऱ्या चक्क्या तोंड फिरवून, ढगाकडे पाठ करून उभ्या.

मी म्हटलं, मंडप रिकामा करा. जिजाजी सोफ्यावरून उठले नाहीत. "बहनजी, पंखे देखिए. हवा बादल की तरफ जा रही है. यानी बादल उधर ही जाएगा. साइंस है. अब क्या रिवर्स में आएगा?"

"जिजाजी, ये हवा उसको धकेल नी रही, वो हवा को खींच रहा है. बशीतला चहा ओढतात ना, तसा!"

"आप चौथी पास हैं, मैं क्या बोलूँ!"

त्यांना सोडून बाकी सगळ्यांना हॉलमध्ये नेलं. लहान मुलाला उचलून नेता येतं, जिजाजींना कसं नेणार? पहिली गार सोफ्याच्या हातावर पडली तेव्हा ते पळाले. हॉलपर्यंत येणं शक्य नव्हतं. भटारखान्यात हलवायाने मोठी कढई धुऊन पालथी घातली होती, तिच्यात शिरले. पंधरा मिनिटं गारा त्या कढईवर अशा आपटत होत्या की हॉलमध्ये आम्ही कानात बोटं घातली.

थांबल्यावर भूरू धावला. कढईवर थाप मारली. "जीजाजी, हो क्या?"

आतून आवाज आला, "काकीजी को बोलो, आ गया रिवर्स में!"

आठ दिवस त्यांना ऐकू येत नव्हतं. कोणी विचारायचं, "जीजाजी, साइंस क्या बोलता है?" ते म्हणायचे, "हाँ हाँ, खाना खा लिया."

हा किस्सा सगळ्यांना आवडतो. रस्त्यापलीकडच्या मळ्यात त्याच गारांनी मारलेले मोर पडले होते, चिंचेखाली, पिसारे चिखलात. तो भाग मी सांगत नाही. आज लिहिला.

*

त्याच दिवसाचं आणखी एक. गारा वितळायच्या आत भूरूने त्यातली एक उचलली आणि हलवायाच्या सुरीने मधोमध कापली. आत कांद्यासारखे थर. एक पांढरा, एक काचेसारखा, परत पांढरा.

मीनूला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "भूरू भिया, ती गार वर फिरत होती. ढगातला वारा तिला खाली पडूच देत नाही. जिथे जिथे फिरते तिथला थर बसतो. एकेक थर म्हणजे एकेक मुक्काम. फार जड झाली, वाऱ्याला पेलेना, की मग सुटते."

भूरूने थर मोजले. एकदा मोजले, परत मोजले. पाणी त्याच्या कोपरावरून गळत होतं.

"इत्ते से ओले को इत्ते मुकाम घुमाया, काकीजी," तो म्हणाला. "मेरे भाई को पहले ही मुकाम पे छोड़ दिया."

*

मांडूचा किस्सा नव्या जमान्याचा.

इंदूरचं एक जोडपं, लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं. आम्हाला फक्त छोटासा पांढरा तंबू लावायचा होता, त्यात कपडे बदलायचे, बस. नवरीचा झगा एवढा लांब की दोन बायका धरायला. फोटोवाला मात्र फार हौशी. खोऱ्याच्या बाजूने ढग चढून आला, खाली ती काळी थाळी, आणि थाळी फिरतेय! मी पळायची वाट शोधतेय, हा टाळ्या वाजवतोय.

"मैडम, देखो, देखो! रोटेट हो रहा है! एकदम सिनेमा!"

"बेटा, पळ."

"आंटी, ऐसा बैकग्राउंड जिंदगी में एक बार मिलता है!"

"हो, आणि शेवटचं असतं!"

त्याने ऐकलं नाही. ड्रोन वर सोडला, ढगाच्या पोटाचा फोटो घ्यायला. ड्रोन गेला. सरळ गेला, मग गिरकी घेतली, मग आणखी वर गेला. हा हातातली बटणं दाबतोय, तोंड वासून. मी नवरीचा झगा गुडघ्यापासून टरकावला, कारण तेवढा लांब घोळ घेऊन कोणी पळू शकत नाही, आणि तिला ओढत जुन्या दगडी दरवाज्यात नेलं. ती रडत होती ती झग्यासाठी. दोन मिनिटांनी ज्या खिरणीच्या झाडाला ती टेकून उभी होती, त्याच्यावर वीज पडली. मग रडायची थांबली.

सगळं शांत झाल्यावर फोटोवाला आभाळाकडे बघत फिरत होता. "मेरा ड्रोन? मेरा ड्रोन किधर गया?"

भूरू गंभीर चेहरा करून म्हणाला, "भिया, टेंशन मत लो. क्लाउड में सेव हो गया!"

*

आता धारकडच्या मनावर गावचा किस्सा. हा गोदामात कोणी सांगत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

काम वन्संचं होतं, माणसं दोन्हीकडची. मनावरच्याच बाजूचा एक नवा माणूस लागला होता, गेंदालाल. चाळिशीचा, कमी बोलणारा. तिसरा दिवस त्याचा. दरी अशी गुंडाळायचा की कडेला बोटभर फरक नाही. मी त्या सकाळी त्याला विनाकारण बोलले होते. पाण्याच्या टँकरजवळ ओल होती आणि त्याने एक दरी तिथून ओढत आणली. "ये नया माल है! कीचड़ में गई तो देख लेना!" तो मान खाली घालून "जी" म्हणाला.

दुपारी ढग आला. या वेळी कोणी वाद घातला नाही. नवरीच्या वडिलांनी स्वतः माइकवरून सांगितलं, लोक शेजारच्या शाळेत गेले. पक्की इमारत, पुढे लांब ओसरी. मंडप पूर्ण रिकामा. वन्संनी आणि मी डोकी मोजली. एक कमी. गेंदालाल टँकरवर पाणी पीत होता, ओसरीपासून वीस-पंचवीस पावलांवर.

तसल्या ढगाच्या मोठ्या गारा कधी कधी आधी पडतात, कोरड्या. पाऊस नाही, वारा नाही, आणि एकच गार धप्पकन. तशी एक पडली, मोसंबीएवढी, त्याच्यापासून दहा हातांवर. त्याचं लक्ष नव्हतं.

मी ओसरीच्या कडेला जाऊन जिवाच्या आकांताने ओरडले, "गेंदालाल! गारा! गारा!"

त्याने माझ्याकडे बघितलं. हात वर केला, समजलं म्हणून. आणि पळाला. मंडपाकडे!

मला वाटलं, माणूस वेडा झाला. मी आणखी मोठ्याने तेच ओरडले. वन्संही ओरडल्या. आम्ही जेवढं ओरडत होतो तेवढी तो आत घाई करत होता. कनातीच्या फटीतून दिसत होता, वाकलेला, काहीतरी उचलत होता. भूरू धावणार तेवढ्यात मी त्याला मागून घट्ट धरलं. त्याने मला कोपर मारलं, तरी सोडलं नाही. एक भाऊ गेलेला माणूस मी त्यात जाऊ देणार नव्हते. मग पडदा फाटावा तसा आवाज झाला आणि समोरचं सगळं पांढरं झालं.

गेंदालालला टेंपोत घालून दवाखान्यात नेलं. अर्ध्या वाटेत भूरू म्हणाला, "काकीजी, गारा तो हम लोग कीचड़ को बोलते हैं. मिट्टी-पानी वाला गारा. हम तो आपके साथ रह-रह के मराठी समझ जाते हैं. वो नया था. उसको ओले बोलना था."

माझ्या तोंडातून घाबरल्यावर आईची भाषा निघते. मी काय करू?

दुसऱ्या दिवशी तो गेला. पण त्या संध्याकाळी शुद्धीवर होता. डोक्याला आणि एका डोळ्याला पट्टी. मी खाटेजवळ गेले, तर मला बघून उठायला लागला. मी खांदा दाबून झोपवलं. तो म्हणाला,

"काकीजी, आपकी आवाज सुनते ही मैं भागा. सारी दरियाँ टेबल पे चढ़ा दीं. एक को भी गारा नी लगने दिया."